ग्रुपने सायकलवर गोव्याचा किनारा करायचाय? आधी नद्या लिहून काढा

गोव्याचा किनारा साधारण १०५ किलोमीटरचा, म्हणून बरेच जण मॅप उघडतात आणि ठरवून टाकतात की शनिवार-रविवारात होईल. पण किनाऱ्याला धरून सलग रस्ता गोव्यात नाहीच. मध्ये नद्या आडव्या येतात, उत्तरेकडून धरलं तर तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग, कुठे पूल कुठे फेरीबोट, प्रत्येक ठिकाणी आत वळायचं आणि पलीकडे गेलं की परत समुद्राकडे यायचं. असं करत करत उत्तर टोकाच्या केरीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत दीडशेच्या वर किलोमीटर होतात. ग्रुप असेल तर पाच दिवस धरा. चार दिवसांत पण बसतं, पण मग कुठेच थांबता येत नाही, आणि न थांबता जायचं असेल तर हायवेच काय वाईट आहे.

मी प्लॅन करायला बसलो की कागदावर आधी नद्याच लिहितो, त्याला दोन कारणं. एक तर वेळ तिथेच जातो, फेरी गेलेली असली की पुढची येईपर्यंत उभं राहायचं. आणि दुसरं महत्त्वाचं, ग्रुप फुटतो तो नद्यांच्या मध्ये आणि परत जमतो तो नदीवर. त्यामुळे सगळ्यांना एकच सोपा नियम द्यायचा, नदी आली की थांबायचं, शेवटचा माणूस आल्याशिवाय कोणी पाणी ओलांडायचं नाही. पुढे कोण किती जोरात गेला, फोनला रेंज होती की नाही, कशानेही बिघडत नाही.

माणसं किती? आठ ते दहा बेस्ट. बारा झाले की जेवायला जागा मिळेना, राहायला मिळेना आणि एकाच्या पंक्चरसाठी अकरा जण उन्हात. दहा जण असले तरी रस्त्यावर एका माळेत जायचं नाही, आपले गावातले रस्ते अरुंद, मागून बस आली की तिला ओव्हरटेकच करता येत नाही आणि मग ड्रायव्हर कावतो. तीन-चार जणांचे तुकडे करा, मध्ये बस आत शिरू शकेल एवढी जागा सोडा. पुढे एक रस्ता माहीत असलेला आणि सगळ्यात मागे एक असा की ज्याला पंक्चर काढता येतं आणि ज्याला घाई नसते. मागचा माणूस रोज बदलायचा नाही, ते काम सगळ्यांना जमत नाही. आणि रोजचं अंतर ठरवायचं ते ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालवणाऱ्याकडे बघून, त्याला आधीच स्पष्ट विचारायचं की बाबा सलग दोन दिवस ४० किलोमीटर केलेत का कधी, नसतील केले तर महिनाभर आधी दोन रविवार सगळ्यांनी एकत्र चालवून बघा. त्या दोन रविवारांत कोणाची सीट खाली आहे, कोणाचे ब्रेक कुरकुरतात, कोणाचं कोणाशी पटत नाही ते सगळं कळतं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात गोवा सुंदर दिसतो पण ग्रुप टूरसाठी नको, शेवाळलेले रस्ते आणि शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं) बंद. ख्रिसमस ते न्यू इयर आणि कार्निव्हलचे दिवस टाळा. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, याच्यावर मी ठाम आहे, कारण या दिवसांत दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि पाठीला लागतो. उलट्या दिशेने आलात तर थकलेल्या पायांनी वाऱ्याला ढकलत यायचं. शिवाय उत्तरेतली गर्दी पाय ताजे असताना मागे पडते आणि दक्षिणेतली शांतता शेवटी मिळते. सकाळी सहाला चाकं हलली पाहिजेत, हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो म्हणून पुढे-मागे लाईट हवाच. अकराला थांबायचं, जेवण, आराम, आणि राहिलेलं अंतर चारनंतर.

बाहेरून येणाऱ्यांनी पेडणे स्टेशन धरावं, किंवा सावंतवाडीला उतरून शिरोडा-रेडीकडून थेट तेरेखोलला यावं. सायकल ट्रेनच्या पार्सलमध्ये टाकणार असाल तर छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, त्यात सायकल चढली-उतरली नाही तर पुढे जाते, म्हणून मडगावसारखं मोठं स्टेशन आणि तिथून टेम्पो हेच सुखाचं.

सुरुवात तेरेखोलच्या किल्ल्यापासून करा. नदीच्या पलीकडचा हा एवढासा तुकडा गोव्याचा, आणि १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता, त्यामुळे सगळ्यांनी दहा मिनिटं तिथे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. मग फेरीने केरी. ही फेरी ओहोटीला पाणी कमी असलं की थांबते, तेव्हा आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. केरीहून हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी, चोपडे आणि शापोरा नदीचा पूल ओलांडून शिवोली, पंचवीसेक किलोमीटर, पहिल्या दिवसाला पुरे. मुक्काम शिवोली नाहीतर आसगावला. कळंगुटला अजिबात नको, कारण दुसऱ्या दिवशी हणजूण, कळंगुट, कांदोळी हा सगळा पट्टा सकाळी आठच्या आत मागे टाकायचाय, नंतर तिथे सायकलला जागाच राहत नाही. या पट्ट्यात काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं दिसली की समजायचं भाड्याची गाडी आहे, चालवणारा नवखा आहे, वळणावर मॅप बघत अचानक ब्रेक मारणार, अंतर ठेवा.

कांदोळीहून नेरूल, वेरे करत बेती. पणजीत शिरायला मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे आणि पर्वरीहून जुन्या पुलावर ट्रॅफिकमध्ये दहा सायकली घालण्यापेक्षा बेतीची फेरीबोट लाख पटीने बरी. फक्त फेरीत चढायची पद्धत आधी सगळ्यांना समजवा. रॅम्प लोखंडी आणि ओला असतो, सायकलवरून उतरायचं, दोन्ही ब्रेक हातात धरून चालत जायचं, बुटाला क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा) असेल तर पाय सपाट टाकायचा नाहीतर घसरलाच. आत गेल्यावर सायकली कडेच्या कठड्याला लावून प्रत्येकाने आपली धरून ठेवायची, स्टँडवर सोडायची नाही, बोट धक्क्याला लागते तेव्हा झटका बसतो आणि एक पडली की सगळ्या पडतात. आणि पलीकडे रॅम्प खाली आला की लगेच निघायचं नाही, स्कूटरवाल्यांना घाई असते, ऑफिसला जायचं असतं त्यांना, त्यांना पहिलं जाऊ द्या, मग आपण निवांत.

पणजीतला मुक्काम म्हणजे सामान घेण्याची, रिपेअरची संधी. इथे आणि मडगावला गिअरच्या सायकलींचं काम होतं, त्यापुढे काणकोणपर्यंत गिअर केबल किंवा डिस्कचे पॅड मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि हो, आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, रविवारी तर बरीच पूर्ण दिवस, बाहेरच्या लोकांच्या हे लक्षातच येत नाही आणि मग बंद शटरसमोर उभे. व्हॉल्वचं पण आधी बघा. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप साध्या सायकलच्या व्हॉल्वचा असतो, तुमच्या रोडबाईकला प्रेस्टा (बारीक, लांब) व्हॉल्व असेल तर तो पंप बसत नाही. चार रुपयांची वस्तू असल्यासारखा तो छोटा पितळी ॲडाप्टर असतो, तो प्रत्येक तुकडीत एक हवा, शिवाय स्वतःचा हातपंप, प्रत्येकाच्या टायरच्या साईजच्या दोन-दोन ट्यूब, चेनची जोडकडी आणि एलन कीचा सेट.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघा, कारण बांबोळीचा चढ आणि जुवारीचा पूल हा सगळा हायवे आहे आणि तिथे मोठ्या गाड्या चालतात. पुलावर एका रांगेत, डावी कड सोडायची नाही, वरती वारा आडवा लागतो आणि हलकी सायकल सरकते, म्हणून पुलावर फोटो नकोत, आगशीला एकत्र व्हा आणि थेट कुठ्ठाळीला उतरून भेटा. तिथून हायवे सोडून कासावलीकडे वळलात की ट्रीपचा सगळ्यात गोड भाग सुरू. आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, सपाट रस्ता, एका बाजूला शेतं, माडांची सावली, कुठेही आत वळलं की समुद्र. सकाळच्या वेळी पों पों करत पोदेर (सायकलवरचा पाववाला) येतो, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक ताणून बांधलेलं, ते बाजूला केलं की आतून गरम वाफ येते. त्याच्याकडून पोळी आणि उंडे (हे इथले पाव) घ्या आणि पुढच्या रस्त्याचं पण त्यालाच विचारा, रोज सायकलवरच फिरतो, कुठला चढ टाळता येतो आणि कुठे कुत्री मागे लागतात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. कुत्री आलीच तर पळवायची नाही सायकल, उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालायचं, ती गप्प होतात.

इथे ओल्या वाळूवरून सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो, वेळसावपासून दक्षिणेला किनारा सलग आहे आणि ओहोटीला वाळू घट्ट असते. माझं मत स्पष्ट आहे, फोटोपुरती शंभर पावलं चालवा, दहा किलोमीटर नको. खारं पाणी आणि बारीक वाळू चेनमध्ये, हबमध्ये जाते आणि दोन दिवसांत सगळं कुरकुरायला लागतं. तसंही रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडायचेच, किनाऱ्याची हवाच खारी.

चौथा दिवस खरी परीक्षा. वार्का, केळशी, मग साळ नदीची फेरी ओलांडून असोळणा, फेरी बंद असेल तर चिंचोणेवरून फिरून या, थोडं लांब पडतं एवढंच. बेतूलला पोटभर नाश्ता करा आणि प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी भरा, कारण इथून रस्ता डोंगरावर चढतो, सड्यावर (वरच्या उघड्या पठारावर) सावली नाही, दुकानं तुरळक. काब द रामचा किल्ला वाटेत आहे, चुकवू नका, तिथून खाली दिसणारा समुद्र बघितला की चढाचं काही वाटत नाही. चढावर ज्याला ढकलत न्यायचीय त्याने ढकलत न्यावी, कोणी कोणाला हसायचं नाही हे आधीच ठरवा. जास्त भीती उताराची. आगोंदकडे उतरताना वळणं अरुंद आहेत, तांबडी खडी रस्त्यावर आलेली असते, ब्रेक सलग दाबून ठेवले की तापतात, म्हणून दाबा-सोडा करत उतरायचं आणि दोन सायकलींत चांगलं अंतर ठेवायचं. इथे नदी नाही म्हणून जमायची जागा आधीच ठरवून द्या, चढ संपला की एकदा आणि उतार संपला की एकदा.

आगोंद, गालजीबाग, इकडे उत्तरेत मोरजी, मांद्रे, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि त्यांचा हंगाम आपल्या सायकलच्या सीझनलाच येतो. रात्री किनाऱ्यावर टॉर्च, हेडलाईट, गाणी काही नको, दोरी लावून राखलेल्या जागेच्या जवळ जायचं नाही. उजेड दिसला की मादी परत फिरते आणि पिल्लं भलतीकडेच जातात. दहा जणांच्या ग्रुपने हे पाळलं तर बघून बाकीचे पण पाळतात.

जेवणाचं फार सांगत नाही, फक्त दुपारी पूर्ण फिश थाळी खाऊन लगेच सायकलवर बसू नका, आणि शाकाहारी असतील त्यांनी किनाऱ्यापेक्षा आतल्या गावात भाजी-पाव शोधावा. पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस, कारण दमट हवेत घाम किती गेला ते कळत नाही. दारूचा विषय सायकली कुलूप लावून आत ठेवल्यावरच. ॲम्ब्युलन्स १०८, मोठं हॉस्पिटल बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), दक्षिणेला मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, प्रत्येकाच्या फोनमध्ये ग्रुपच्या सगळ्यांचे घरचे नंबर आणि रक्तगट.

मुक्काम सगळ्या रात्रींचे आधी बुक करा, बुक करताना सरळ सांगा की दहा सायकली आत ठेवायच्यात, हो म्हणाले तरच पैसे भरा. कॉन्ट्री निघायच्या आधी सगळ्यांकडून सारखी घ्या आणि एकाकडेच द्या, दर चहाला हिशेब करत बसलं की चौथ्या दिवशी कुरबुर ठरलेली. सामानाला एक टेम्पो सोबत ठेवणं परवडत असेल तर ठेवा, कोणाला बरं नाही वाटलं तर बसवता येतं.

पाचवा दिवस पाळोळे, काणकोणचं चावडी, मग तळपण आणि गालजीबागचे पूल, लोलये आणि हद्दीवरचं पोळे. चढ-उतार आहेत पण अंतर कमी, दुपारच्या आत पोचता. परतीसाठी पोळेहून मडगावचा टेम्पो आदल्या दिवशीच ठरवा, काणकोण स्टेशनला मोजक्याच गाड्या थांबतात आणि तिथे दहा सायकली चढवणं होणार नाही. टेम्पोत सायकलींच्या मध्ये जुन्या गोणी घाला, डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशा आडव्या ठेवा, आणि निघायच्या आधी एखाद्या घरी विचारून नळाच्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता, सगळ्या सायकली धुऊन घ्या.