सड्यावरच्या दवबिंदूला स्वस्तातला उजेड

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारांवर, पावसाळ्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या केसांच्या टोकांवरचा प्रत्येक चिकट थेंब म्हणजे इवलासा आरसाच. जवळून फोटो काढताना उघडा फ्लॅश मारलात की त्यात जळका पांढरा ठिपका दिसणार. म्हणून उजेड मोठा हवा आणि जवळ हवा.

लेन्सभोवती बसणारा महागडा रिंग फ्लॅश नको. ताकद हाताने ठरवायचा जुना मॅन्युअल फ्लॅश चालतो. त्याच्यापुढे वीतभर अंतर सोडून ट्रेसिंग पेपरची कमान लेन्सच्या टोकावर झुकेल अशी रबरबँडने बसवा. कागद फ्लॅशलाच चिकटवून काही साधत नाही, कारण उजेडाचा आकार वाढतच नाही. सगळी गंमत त्या मधल्या अंतरात आहे. कागद पावसात लोळागोळा होतो, तेव्हा दुधाळ प्लास्टिकची फाइल कापून वापरा.

खालून सावली भरायला मासळीच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण. साबणाने दोनदा धुवा, नाहीतर सड्यावरच्या माश्या तुमच्याच मागे लागतील.

सुरुवात आयएसओ २००, शटर १/२००, लेन्सचं छिद्र एफ ११, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर करा. एकास एक आकारात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते तेव्हा, एफ ११ प्रत्यक्षात एफ २२ इतकाच उजेड आत घेतं, त्यामुळे काळोख वाटला तर घाबरू नका, आधी कागदासकट फ्लॅश रोपाजवळ आणा. फ्लॅशची ताकद त्यानंतर वाढवा. वाऱ्याची चिंता नको, फ्लॅशचा क्षणिक लखलखाट हलतं पान गोठवतो.

आणि गुडघा टेकण्याआधी खाली बघा. बाजूची रोपंही तेवढीच नाजूक असतात.