स्वतःच्याच गाण्यावर कंटेंट आयडीचा क्लेम: माझा कसा सुटला

लक्षण: चाल माझी, आवाज माझा, तरी यूट्यूबवर चढवल्यावर तासाभरात 'कंटेंट आयडी'चा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेचा, कॉपीराइट क्लेम (हक्काचा दावा). जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या नावावर.

आधी काय केलं? पट्टी अर्ध्या सुराने चढवली, वर्णनात श्रेय लिहिलं, व्हिडिओ काढून पुन्हा टाकला. क्लेम तसाच. डोकं फिरायची वेळ आली होती.

मग यूट्यूब स्टुडिओत 'कंटेंट'मध्ये जाऊन निर्बंधांच्या रकान्यातला 'कॉपीराइट' उघडला आणि जुळलेला तुकडा हेडफोन लावून ऐकला. फक्त ०:४२ ते १:०६. तिथे माझा आवाजच नाही, नुसता ढोलकीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा)! तो मी तयार आवाजांच्या लायब्ररीतून परवान्यासह घेतलेला. तोच लूप वापरून कुणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत नोंदवलं होतं. खरं तर तिथे फक्त आपला एकट्याचा हक्क असलेला आवाजच नोंदवता येतो. सर्वांना मिळणारा लूप नाही.

त्यानंतर क्रम असा. लूपचा परवाना शोधला. पाच दिवसांच्या आत 'डिस्प्यूट' केलं, म्हणजे क्लेमला आव्हान दिलं, कारण मग क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. कारणात 'लायसन्स' निवडलं. 'फेअर यूज' (परवानगीशिवाय मर्यादित वापराची मुभा) नव्हे, ती इथे गैरलागू. मजकुरात लूपचं नाव, वेळ आणि परवान्यातलं वाक्य, एवढंच. उत्तराला समोरच्याकडे ३० दिवस असतात. दरम्यान त्याचं गाणं पोचवणाऱ्या वितरक कंपनीलाही तोच मजकूर मेल केला.

अकराव्या दिवशी क्लेम उठला.