सिटाडेल्समधे कॅरेक्टर कसं निवडायचं (आणि भडंग कुठं ठेवायचा)

सिटाडेल्स म्हणजे पत्त्यांचा खेळ, दर राऊंडला गुपचूप एक कॅरेक्टर निवडायचं आणि आपल्या इमारती बांधत जायच्या. नियम वाचलेत असं धरून चालतो. प्रत्येकाला इमारतींचे 4 पत्ते, 2 नाणी, मुकुट कुणाकडं ते ठरवा, झालं.

फक्त भडंग लांब ठेवा. आमच्या सांगलीत पावसाळ्यात डाव बसला की मधे परात येतेच, आणि आमच्या असॅसिनच्या (जो एका कॅरेक्टरचं नाव घेऊन त्याला त्या राऊंडपुरतं मारतो) पत्त्यामागं कोपऱ्यात तेलाचं पिवळं बोट उमटलंय, तो कुणी उचलला ते पलीकडनं दिसतं. कसलं सिक्रेट मग. पत्त्यांना प्लॅस्टिकची स्लीव्ह घाला नायतर हात धुवा.

आता खरी गोची. चौघं असाल तर 8 कॅरेक्टरमधली 2 उघडी, 1 पालथं, उरलेल्या 5 मधनं मुकुटवाला एक घेतो न् बाकीचे पुढं सरकवतो. इथं जो कोण सांगतो की 'तुला फायद्याचं असेल ते घे', त्याचं अजिबात ऐकू नका. मी वर्षभर ऐकलं. नाणी साठली की आर्किटेक्ट उचलायचो, कारण तो एका पाळीत 3 इमारती बांधतो, आणि वहिनी असॅसिन होऊन चहा ढवळत म्हणायची, "आर्किटेक्ट गेला." तिनं माझा पत्ता बघितला नव्हता हो, माझ्यापुढचा नाण्यांचा ढीग बघितला होता!

म्हणून समोरच्याला तुम्ही काय घ्याल असं वाटतंय ते आधी ओळखा, आणि तेच सोडा. ढीग मोठा असेल तर सरळ असॅसिन घ्या, नाणी चोरणाऱ्या थीफला त्याचं चोरता येत नाही. इमारती वाचवायच्यात तर बिशप, इमारती पाडणारा वॉरलॉर्ड त्याच्या पाडू शकत नाही.

आणि स्वतः असॅसिन झालात तर अंदाजपंचे नाव घेऊ नका. ज्याला उडवायचंय तो तुमच्या आधी निवडून बसला असेल तर तुमच्या हातात आलंच नाही असं कॅरेक्टर बोला, नंतरचा असेल तर तुम्ही पुढं दिलेल्यातलं. एवढं लक्षात ठेवायला जमत नसेल तर निवडताना मोबाईल बाजूला ठेवा. आणि मेलात तर "अर्रर्र" करायचं नाही, गप बसायचं, आमचा दाजी अजून करतो.

बाकी सोपं. 2 नाणी घ्या किंवा 2 पत्ते बघून 1 ठेवा, एक इमारत बांधा. खेळाच्या जुन्या पेटीत (आवृत्तीत) कुणाच्या 8 इमारती झाल्या की तो राऊंड शेवटचा, नव्या पेटीत चौघांपासनं पुढं 7. इमारतींचे पाचही रंग असले तर 3 पॉइंट जास्तीचे, ते मोजायला विसरू नका, मी मागच्याच रविवारी विसरलो आणि 2 पॉइंटनी वहिनीकडनं हरलो.