बाहेरच्या वक्त्याची परवानगी अडकली असेल तर (माझा अनुभव)

पुण्यात आमच्या कॅम्पसवर बाहेरचा वक्ता बोलवायचा अर्ज दरवेळी ‘सभागृह निश्चित नाही’ असा शेरा मारून परत यायचा. सभागृहवाले म्हणायचे, आधी परवानगी आणा. प्राचार्यांची शिफारस जोडून पाहिली, अर्ज नव्याने टाइप केला. डोकं फिरायची वेळ आली.

जमलं ते असं. आधी सभागृहाच्या वहीत पेन्सिलने ‘परवानगीच्या अधीन’ अशी तात्पुरती नोंद करून घेतली, त्या पानाची झेरॉक्स काढली. मग वक्त्यांचं संमतिपत्र आणि एकपानी परिचय. विषय पूर्ण ओळीत लिहा. नुसतं ‘संवाद’ लिहिलं की हमखास शंका काढतात. अर्जावर विभागप्रमुखांची ‘शिफारशीसह सादर’ अशी सही. मग सगळा गठ्ठा आवक-जावकला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडेपर्यंत खिडकीवरून हलायचं नाही, पुढची विचारपूस त्या क्रमांकावरच होते.

कार्यक्रम बंदिस्त सभागृहातच ठेवा. मोकळ्या आवारात ध्वनिक्षेपक म्हटलं की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांखाली वेगळी लेखी परवानगी आली. मंजुरीची प्रत, वक्त्यांच्या गाडीचा नंबर लिहून, आदल्या संध्याकाळीच गेटवर द्या.