स्मार्ट थर्मोस्टॅट लावला, तरी एक खोली गारच? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या दुमजली घरात पहिल्याच हिवाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले. दिवाणखान्यात ७० अंश फॅरनहाइट आणि ते झोपायचे त्या गॅरेजवरच्या खोलीत ६१. आई कानटोपी घालून झोपायची. मी हौसेनं घराचं तापमान सांभाळणारा, फोनवरून चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट आणला. फोनवरून घर तापवायची गंमत चार दिवस टिकली, खोली मात्र ६१ वरच.

थर्मोस्टॅटला कळतं ते तो लावलाय त्या जागेचं तापमान. फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी, कधी चालू, कधी बंद एवढंच त्याच्या हातात. गरम हवा कुठे किती जाणार ते डक्ट, म्हणजे खोल्यांपर्यंत हवा नेणारे मोठे पाइप, ठरवतात. सगळ्या चुकांचं मूळ हे विसरण्यात आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम खोल्यांतले व्हेंट (गरम हवा येते त्या जाळ्या) बंद करणं. वाटतं, इथली हवा तिकडे वळेल. प्रत्यक्षात डक्टमधला दाब वाढतो, फर्नेसवरून जाणारी हवा कमी होते, तो आत जास्त तापतो आणि सुरक्षेचा स्विच बर्नर बंद करतो. मग सगळं घरच गार. त्यापेक्षा बेसमेंटमध्ये डक्टच्या फाट्यांवर डॅम्परच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) दांड्या आहेत का बघा. दांडी डक्टला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. जास्त तापणाऱ्या खोलीचा डॅम्पर किंचित वळवा, एक दिवस थांबा, मग पुन्हा बघा. मार्करनं खूण करून ठेवा, उन्हाळ्यात एसीसाठी हे सगळं बदलावं लागतं.

त्याआधी फर्नेसचा हवेचा फिल्टर बघा. तुंबलेला फिल्टर असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग रिटर्नच्या (हवा परत फर्नेसकडे नेणाऱ्या) जाळीपुढे सोफा नाही ना, हे पाहा. फर्नेस चालू असताना गार खोलीचं दार लावून फटीशी उदबत्ती धरा. धूर जोरात बाहेर ओढला जात असेल, तर हवेला परतायला वाट कमी पडतेय. दार थोडं उघडं ठेवा.

खोलीचे वेगळे सेन्सर घेतले नाहीत, तर स्मार्ट थर्मोस्टॅटचा अर्धा उपयोग वाया. इकोबी कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये झोपेच्या वेळी कोणता सेन्सर धरायचा ते ठरवता येतं. रात्री फक्त बेडरूमचा धरा. मात्र भ्रमात राहू नका: सेन्सर हवा वळवत नाही, कोणत्या खोलीचं ऐकायचं तेवढं ठरवतो. आमच्याकडे त्या रात्रींना दिवाणखाना ७५ पर्यंत जायचा.

थर्मोस्टॅट स्वयंपाकघराजवळ असेल, तर पोळ्या सुरू झाल्या की त्याला वाटतं घर तापलं, आणि वरचे लोक कुडकुडतात. त्याच्यामागच्या तारेच्या भोकातून भिंतीतली गार हवा आली तर उलटं होतं, ते भोक पुटीनं बुजवा. लवकर तापावं म्हणून ८० लावू नका. साधा फर्नेस एकाच वेगानं तापवतो, फक्त उशिरा थांबतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) असेल तर रात्री तापमान फार उतरवू नका, सकाळी महागडं इलेक्ट्रिक हीटिंग सुरू होऊ शकतं.

फर्नेसचा फॅन तासाला पंधरा-वीस मिनिटं फिरवला की वरची-खालची हवा मिसळते. डक्ट थंड माळ्यावरून जात असतील तर हे टाळा. डक्टच्या सांध्यांना कापडी डक्ट टेप लावू नका, ती काही वर्षांत सुटते. मॅस्टिक, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, लावा.

एवढं करून आमची ती खोली ६६ पर्यंत आली. उरलेला गारठा खालच्या गॅरेजचा आहे. त्याच्या छतात इन्सुलेशन भरून घ्यायचंय, ते काही फोनवरून होणार नाही.