जुनी हार्ड डिस्क मान टाकण्याआधी: क्लोन आणि बॅकअप

सेवा केंद्र असो, आडत असो की डीटीपीचं दुकान, डिस्क गेली की फाइलींइतकाच त्रास पुन्हा सगळं बसवण्याचा होतो. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, टॅली, श्रीलिपीचे फॉन्ट. क्लोन यासाठीच करायचा: विंडोजसकट अख्खी डिस्क दुसरीवर उतरते. पण क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्या दिवशी जसा घेतला तसाच राहतो, आणि व्हायरस असला तर तोही सोबत येतो.

आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये 05, सी5 आणि सी6 या खराब जागा मोजणाऱ्या ओळींची 'रॉ व्हॅल्यू' शून्य हवी. सी5 वाढत असेल तर क्लोनच्या नादी न लागता आधी टॅलीचा डेटा, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बाहेरच्या डिस्कवर काढा. अशा डिस्कचा क्लोन लागलाच तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू बरं. ते खराब जागा सोडून पुढे जातं आणि तिथे नंतर परत येतं. टकटक आवाज येत असेल तर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डिस्क ठणठणीत असेल तर एसएसडी (नवी, चिपवाली डिस्क), ती यूएसबीला जोडणारी साटा-टू-यूएसबी केबल आणि क्लोनझिला हा क्लोन करणारा प्रोग्राम टाकलेला पेनड्राइव्ह एवढंच लागतं. एसएसडी जुन्या डिस्कएवढा किंवा मोठा घ्या. 500 जीबीच्या डिस्कसाठी 480 जीबीचा घेतला की क्लोनझिला अडतो. दुकानात हे कुणी सांगत नाही.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या आणि तो पूर्ण बंद करा, नाहीतर रिकाम्या जागेसकट सगळं उतरत बसतं. मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. साध्या शटडाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला ती डिस्क घ्यायला नकार देतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करा: डिव्हाइस-डिव्हाइस, बिगिनर, डिस्क-टू-लोकल-डिस्क. पुढचा पडदा सगळ्यात धोक्याचा. पहिल्यांदा सोर्स म्हणजे जुनी डिस्क, नंतर टार्गेट म्हणजे नवी. एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, मॉडेल आणि जीबी वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळं साफ. एसएसडी मोठा असेल तर पार्टिशन टेबलसाठी 'के1' निवडा, म्हणजे पार्टिशनं (डिस्कचे सी, डीसारखे भाग) त्या प्रमाणात वाढतात.

400 जीबी डेटाला निळ्या यूएसबी 3 पोर्टवर सव्वा ते दीड तास धरा, काळ्या यूएसबी 2 वर तीन-चार तास. गावाकडच्या फीडरवर लाइट कधी जाईल नेम नाही, आणि डेस्कटॉपचा छोटा यूपीएस एवढा वेळ टिकत नाही. इन्व्हर्टरवर लावा. मध्येच बंद पडलं तरी जुनी डिस्क फक्त वाचली जात असल्याने तिला सहसा काही होत नाही. नवीवर पुन्हा पहिल्यापासून करायचं.

झाल्यावर जुनी डिस्क काढूनच नवी लावा आणि सुरू करा. चालू होत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूटचा क्रम आणि सुरू होण्याची पद्धत यूईएफआय की लेगसी ते बघा. जुनं होतं तेच ठेवायचं.

जुनी डिस्क महिनाभर फॉरमॅट करू नका. आणि टॅलीचा डेटा रोज संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर घ्या, काम झालं की ती डिस्क उपसून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप लावतो.