डर्नेसची स्थळनामे पाहायला निघण्यापूर्वी
स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, सदरलँड परगण्यातील डर्नेस या किनारी पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गावसमूहात) जुन्या स्थळनामांच्या मागावर जायचे असेल, तर कपड्यांच्या आधी नकाशे जमवावेत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा 1:50,000 प्रमाणाचा 9 क्रमांकाचा नकाशा जवळ हवाच. त्याशिवाय 1654 चा डच नकाशाकार ब्लाऊचा ॲटलस आणि एकोणिसाव्या शतकातील सहा इंची (एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पाहून एकाच नावाची निरनिराळी स्पेलिंगे एकाखाली एक उतरवून घ्यावीत. सर्वेक्षकांनी 1870 च्या दशकात भरलेल्या नाववह्याही वाचाव्यात. त्यांत प्रत्येक नाव कोणाच्या सांगण्यावरून लिहिले याचा स्वतंत्र रकाना आहे, आणि माझ्या मते साऱ्या वहीत तोच सर्वांत मोलाचा.

त्यानंतर भाषेची तयारी करावी. इथली बरीचशी नावे नॉर्स लोकांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दींनी ठेवली, गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणाऱ्यांनी आपल्या उच्चारात घोळवली आणि इंग्रजी कानांनी टिपली, त्यामुळे नुसता इंग्रजी शब्दकोश घेऊन बसणाऱ्याची फसगत ठरलेली. केप रॅथ या वायव्य टोकाच्या भूशिराचेच पाहा. इंग्रजीत रॅथ म्हणजे क्रोध, आणि तिथला खवळलेला समुद्र पाहिल्यावर तो अर्थ पटतोही. पण मूळ शब्द आहे नॉर्स ‘ह्वार्फ’, म्हणजे वळण, कारण उत्तर किनाऱ्याने आलेली गलबते या टोकापाशी दक्षिणेकडे वळत. गेलिकमध्ये त्याचे ‘पारव’ झाले. शीवचे ‘सायन’ झालेले रोज ऐकणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटू नये. स्मू या प्रचंड गुहेचे नाव नॉर्स ‘स्मुगा’शी, म्हणजे बीळ किंवा लपण या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, बालनाकील म्हणजे मात्र गेलिकमधील चर्चचे गाव, आणि ‘कायल’ म्हणजे अरुंद खाडी. असे दहा-बारा घटकशब्द निघण्यापूर्वी पाठ असावेत.

बालनाकीलच्या पडक्या चर्चसाठी छोटी विजेरी घ्यावी. तिथे भिंतीतील कोनाड्यात 1623 ची एक थडगेशिळा असून तिच्यावर कवटी आणि हाडे कोरलेली आहेत. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. खडू मात्र मुळीच फासू नये. लिहिता-वाचता न येणारा थोर गेलिक कवी रॉब डॉन (1714–1778) याच आवारात विसावला आहे.

केप रॅथसाठी एक दिवस राखीव ठेवावा. कायल ओलांडणारी छोटी होडी उन्हाळ्यातच चालते, तिथून रॉबर्ट स्टीव्हन्सनने 1828 मध्ये बांधलेल्या दीपगृहापर्यंतचे सुमारे 18 किलोमीटर मिनीबसने जाता येते, आणि वाटेतील बरीच जमीन लष्कराच्या गोळाफेकीच्या सरावासाठी राखीव असल्याने त्याच्या तारखा आधी पाहणे अत्यावश्यक आहे. पावसाळी कोट आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांसाठी जाळीची टोपी घ्यावी. टिपणवहीत नाव, जुनी स्पेलिंगे, स्थानिक माणसाच्या तोंडचा उच्चार आणि जागेवर दिसलेली खूण असे चार रकाने घरीच आखून ठेवावेत, आणि लिहायला पेन्सिल घ्यावी, कारण तिथल्या पावसात शाई पसरते.